शेअरपॉइंटमध्ये कोडमधून शोध : ग्राफ, रेस्ट की सीसॉम?

शेअरपॉइंट म्हणजे कंपनीच्या फाइली आणि साइट्स ठेवायचं मायक्रोसॉफ्टचं पोर्टल. त्यात स्वतःच्या प्रोग्रॅममधून शोध घ्यायला ग्राफ, रेस्ट आणि सीसॉम असे तीन एपीआय (प्रोग्रॅमने सेवेशी बोलायचे मार्ग) आहेत. कोणता घ्यायचा ते ठरवताना आधी पोर्टल कुठे आहे ते बघा. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर असेल, तर ग्राफचा सर्च एपीआय बाद. तो मायक्रोसॉफ्ट ३६५ साठी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडसाठी आहे. मग उरतात रेस्ट (साध्या वेब पत्त्यावर विनंती पाठवायची पद्धत) आणि सीसॉम. दोघांच्या मागे शोधाचं इंजिन एकच, त्यामुळे निकालात फरक शोधू नका. सीसॉम ही डॉटनेटची लायब्ररी. सगळा कोड सी-शार्पमध्ये असेल आणि सापडलेल्या फाइलवर लगेच काही काम करायचं असेल, तर ती सोयीची. नाहीतर रेस्टच घ्या. पायथन, जावा काहीही चालतं आणि लॉगिन असेल तर क्वेरी (शोधाची विनंती) ब्राउझरच्या पट्टीत टाकूनही तपासता येते. जुन्या सोप सेवेवर (एक्सएमएल निरोपांवर चालणारी पद्धत) नवीन काही उभारू नका.

क्लाउडवर मात्र खरी निवड ग्राफ की रेस्ट अशी आहे. नेहमीच्या कामाला मी ग्राफच सुचवेन : शेअरपॉइंट आणि वनड्राइव्ह एकाच विनंतीत शोधता येतात. वापरकर्त्याशिवाय चालणाऱ्या प्रोग्रॅमला ग्राफमध्ये क्लायंट सीक्रेट (ॲपचा पासवर्ड) पुरतं (विनंतीत रीजन, म्हणजे डेटाचा भौगोलिक विभाग, द्यायला विसरू नका), तर शेअरपॉइंटच्या रेस्टला सर्टिफिकेट (ॲपची ओळख पटवणारी डिजिटल फाइल) लागतं. रेस्टसाठी एसीएसचा (ॲपला प्रवेश देणारी मायक्रोसॉफ्टची जुनी सेवा) जुना मार्ग सुचवणारे लेख अजून सापडतात. त्या मार्गाची अखेरची तारीख मायक्रोसॉफ्टने २ एप्रिल २०२६ ठरवली, तेव्हा तिकडे वळू नका.

लाखो फाइलींची यादी काढायची असेल तर मात्र रेस्ट सरस. एका पानात जास्तीत जास्त ५०० निकाल मिळतात आणि नुसता सुरुवातीचा क्रमांक वाढवत गेलात तर ५०,००० च्या पुढे जाता येत नाही. निकाल डॉकआयडीने (शोधातला प्रत्येक फाइलचा क्रमांक) लावा आणि प्रत्येक वेळी शेवटच्या आयडीच्या पुढचे मागा.

एपीआयपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे शोध कोणाच्या नावाने चालतो. वापरकर्त्याच्या टोकनने (लॉगिननंतर मिळणारी प्रवेशाची खूण) शोधलं, तर त्याला परवानगी असलेलंच दिसतं. ॲपच्या नावाने शोधून तेच निकाल कर्मचाऱ्यांना दाखवलेत, तर पगाराच्या फाइलीही कोणाच्याही स्क्रीनवर येतील. लोकांसमोर निकाल जाणार असतील तर वापरकर्त्याचं टोकनच वापरा, कितीही खटपट पडो.

आत्ताच चढवलेली फाइल लगेच हवी असेल, तर यातलं काहीच भरवशाचं नाही, कारण इंडेक्स (शोधासाठी बनवलेली सूची) मागून भरतो. तिथे थेट शेअरपॉइंटमधल्या फाइलींच्या लायब्ररीवर फिल्टर लावा; ५,००० आयटमची मर्यादा आड येऊ नये म्हणून ज्या कॉलमवर फिल्टर लावणार तो आधी इंडेक्स करून घ्या.