जुन्या पिकअपवर जुना पॉप-अप कॅम्पर: कापडी, कडक भिंतींचा की लाकडी सांगाड्याचा?

अमेरिकेत जुनी पिकअप दारात उभी असली की 1970-80 च्या दशकातला पॉप-अप कॅम्पर आज ना उद्या विक्रीला दिसतोच. हा म्हणजे झोपण्या-राहण्याची छोटी खोली, ती पिकअपच्या मागच्या हौद्यात बसते. प्रवासात छत खाली, मुक्कामाला वर. छत खाली असल्यामुळे वारा कमी लागतो आणि वळणावर गाडी कमी कलते. जुन्या गाडीसाठी कल्पना उत्तमच आहे. पण निवड कॅम्परपासून करू नका, गाडीच्या मागच्या ॲक्सलपासून करा. बाजारात साधारण तीन जातींचे जुने पॉप-अप मिळतात, आणि तिघांपैकी कुठला घ्यायचा हे बरंचसं गाडीच ठरवते.

आधी गाडीचा हिशेब

दोन टोकं धरू. एकीकडे 1984 ते 95 ची छोटी टोयोटा पिकअप, दुसरीकडे फोर्ड एफ-250 किंवा शेवरोले के-20 सारखी पाऊण टनी (हे नुसतं वर्गाचं नाव, खरी क्षमता नव्हे). टोयोटाच्या बऱ्याच मॉडेलांची वाहनक्षमता 1400 पौंडांच्या (सुमारे 635 किलो) आसपास असते, आणि त्यात गाडीत बसलेली माणसंही धरायची असतात. हे अनेकजण विसरतात.

आता बेरीज करा. छोटा कापडी कॅम्पर रिकामा 750 पौंड. वीस गॅलन पाणी 167. भरलेला वीस पौंडी गॅस सिलिंडर 37. कॅम्परची बॅटरी 50. खाणं आणि बर्फ 60. दोन माणसं 320. कपडे, भांडी, हत्यारं 150. झाले 1534. सगळ्यांत लहान कॅम्पर घेऊनही टोयोटा मर्यादेच्या वर गेली. पाणी दहा गॅलनांवर आणलं तर 83 पौंड वाचतात, तरी 1451 उरतात. म्हणून टोयोटावर एकच मार्ग शहाणपणाचा: आत हीटर, फ्रिज, सिंक काही नसलेलं नुसतं कवच घ्यायचं आणि स्टोव्ह-आइसबॉक्स सुटे ठेवायचे. 8800 पौंड जीव्हीडब्ल्यूआर (गाडी आणि ओझं मिळून कमाल वजन) असलेल्या एफ-250 हेवी ड्यूटीची वाहनक्षमताच तीन हजार पौंडांच्या पुढे असते, तिथे हीच बेरीज सहज बसते. एफ-150 सारख्या अर्ध्या टनी गाड्या मधल्या. त्यांवर कापडी कॅम्पर चालतो, जड नाही.

दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा, पण त्यावर थांबू नका. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटा असतो. टाकी भरून, घरची माणसं बसवून गाडी त्यावर घाला. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगळं मिळतं आणि निर्णय मागच्या आकड्यावर होतो, कारण कॅम्परचं बहुतेक ओझं तिथेच येतं. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे पडायला हवा. मागे पडला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं.

मागचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग आहे की फुल-फ्लोटिंग, हे वाकून बघा. चाकाच्या मधोमध जाड हब बाहेर आलेलं आणि त्याच्या तोंडावर बोल्टचं वर्तुळ दिसलं तर फुल-फ्लोटिंग. त्यात गाडीचं वजन हबच्या बेअरिंगमधून ॲक्सलच्या नळीवर जातं, आतला दांडा फक्त चाक फिरवतो. सेमी-फ्लोटिंगमध्ये तोच दांडा फिरवतोही आणि वजनही पेलतो. टोयोटा आणि एफ-150 सेमी-फ्लोटिंग असतात. हेवी ड्यूटी एफ-250 फुल-फ्लोटिंग असते, पण हलक्या ड्यूटीच्या काही एफ-250 सेमी-फ्लोटिंग निघतात. नावावर विसंबू नका.

टायरही तोलून बघा. टोयोटाचा 31x10.50 आर15, लोड रेंज (भार पेलण्याचा वर्ग) सी, 50 पीएसआयला 2250 पौंड पेलतो. पाऊण टनी गाडीचा एलटी235/85आर16, लोड रेंज ई, 80 पीएसआयला 3042. गाडीला मोटारीचे, म्हणजे नावापुढे पी असलेले टायर असतील तर कॅम्पर चढवण्याआधी बदला. त्यांच्या बाजू मऊ असतात आणि उंच ओझ्याखाली गाडी डुलते.

मागचा भाग बसतो म्हणून लोक जादा पाटे किंवा हवेचे फुगे लावतात. त्याने गाडी सरळ उभी राहते, पण ॲक्सल, बेअरिंग आणि ब्रेक यांची क्षमता पौंडभरही वाढत नाही. टोयोटात आणखी एक मेख आहे. मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह एका दांडीने ॲक्सलला जोडलेला असतो. पाटे घालून मागची बाजू उचललीत की तो व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक कमी दाबतो, नेमकं ओझं जास्त असताना. पाटे घातले की त्या दांडीची उंची नव्याने जुळवून घ्यायलाच हवी.

तीन कॅम्पर

*ॲल्युमिनियम सांगाडा, कापडी भिंती.* याचं ठळक उदाहरण म्हणजे 1972 मध्ये सुरू झालेली फोर व्हील कॅम्पर्स. टोयोटावर विचार करण्यासारखा हा एकच. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा वेल्ड केलेला सांगाडा गाडीबरोबर थोडा लवतो आणि कुजत नाही. छत आतून पुढचं आणि मागचं पॅनल ढकलून वर जातं. केबल नाही, पंप नाही. छतावर सायकली किंवा सौर पॅनल लादलंत तर मात्र ते उचलणं पाठीवर येतं. घेताना तीन जागा बघा: पॅनलच्या बिजागरीजवळचं प्लायवूड सुटलंय का, कापड दुमडतं त्या कोपऱ्यांत चिरलंय का, आणि खालच्या खोक्याच्या कोपऱ्यांत वेल्डला तडे आहेत का. कापड नवीन शिवून मिळतं, पण हा मोठा खर्च आहे, तो किमतीतून आधीच कापून घ्या.

उणीव थंडीत कळते. भिंतींच्या विनाइलच्या कापडावर आतून दव धरतं आणि गादीखाली ओल साठते. गादीखाली जाळीदार हवेशीर थर घाला. फोडणी आत करू नका. तेलाची वाफ विनाइलवर बसते, त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या घड्यांत ती कापडाला घासते. स्टोव्ह मागच्या दाराबाहेर लावा, नाहीतर छताचा पंखा चालू ठेवा. ओलं छत बंद करून निघावं लागलं, तर त्याच दिवशी संध्याकाळी पुन्हा उघडून वाळवा.

*कडक भिंतींचा, हायड्रॉलिक.* आर. डी. हॉल यांनी 1950 च्या दशकात घडवलेला अलास्कन. वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यावर डबीच्या झाकणासारखा बसतो आणि कोपऱ्यांतले हायड्रॉलिक सिलिंडर त्याला वर उचलतात. कापड नाहीच, त्यामुळे वॉशिंग्टन किंवा ओरेगनच्या पावसात आणि बर्फात याच्यासारखा दुसरा नाही. पण तो जड आहे. सामानसुमान भरल्यावर पाऊण टनी गाडीखेरीज कुठेही बसवू नका, एफ-150 वरही नाही.

तपासण्याची रीत सोपी आहे. छत पूर्ण वर करा, व्हॉल्व्ह बंद करा, चारही कोपऱ्यांवर चिकटपट्टीने खूण करा आणि तासभर थांबा. एकच कोपरा खाली सरकला तर त्या सिलिंडरची ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) गेली आहे, काम आवाक्यातलं. चारही कोपरे सारखे उतरले तर आधी पंप आणि व्हॉल्व्ह बघा. भिंतीच्या तळाशी तेलाचा डाग असेल तर तेल लाकडात मुरलंय, तिथलं लाकूड उघडून पाहिल्याशिवाय सौदा करू नका. छत वर असताना आत हात घालून काम करायचं असेल तर आधी लाकडी टेकू लावा.

*लाकडी सांगाडा, क्रँकने (हँडल फिरवून) उचलायचं छत.* ही जात सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत फसवी. पातळ लाकडी पट्ट्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि केबल-पुलीने उचललं जाणारं छत. बाहेरचा पत्रा चकचकीत असतो, आतली पट्टी भुगा झालेली असते. केबिनवर येणाऱ्या नाकाचा खालचा भाग, खिडक्यांखालच्या पट्ट्या आणि जॅकचे ब्रॅकेट ठोकलेले कोपरे अंगठ्याने दाबा, टोच्याने टोचा. जॅकच्या कोपऱ्यातलं लाकूड मऊ लागलं तर सौदा सोडा. उचलताना तेच बोल्ट उपटतात आणि कॅम्पर खाली येतो. केबल पुलीवरून वळते तिथे तारा तुटलेल्या दिसल्या तर सगळ्या केबल एकदमच बदला. छताचे सांधे सिलिकॉनने लिंपलेले असतील तर ते पूर्ण खरवडावे लागतात, कारण सिलिकॉनवर नवं काही चिकटत नाही. तिथे ब्यूटिल टेप (चिकट रबरी पट्टी) लागते.

बसवताना

दोन चाककमानींमधली मोकळी रुंदी टोयोटात सुमारे 40 इंच असते, मोठ्या गाड्यांत 48 च्या पुढे. कॅम्परचं खालचं खोकं त्यात दोन्ही बाजूंना इंचभर जागा ठेवून जायला हवं. कॅम्परचा भार हौद्याच्या तळावर पडतो, बाजूच्या पत्र्यांवर नाही. कॅम्परचे पंख, म्हणजे हौद्याच्या काठांवर येणारे बाजूचे भाग, पत्र्याला टेकले तर खाली प्लायवूड आणि दाट फोमचा थर घालून कॅम्पर उचला. केबिनच्या टपावर किमान दोन-तीन इंच हवा, कारण केबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात.

प्लास्टिकचा बेडलायनर काढा. त्यावर कॅम्पर घसरतो आणि प्रत्येक ब्रेकला टर्नबकलला (कॅम्पर गाडीला बांधणारा, फिरवून आवळायचा स्क्रू) झटका बसतो. जाड रबरी मॅट अंथरा. फाळका उतरवून ठेवा. जॅकने कॅम्पर चढवताना चारही कोपरे आळीपाळीने थोडे थोडे उचला. एकच कोपरा पुढे गेला की सांगाडा पिळवटतो. जॅकवर असताना कुणीही खाली जायचं नाही.

बांधणीचे दोन प्रकार. कापडी, हलक्या कॅम्परला हौद्याच्या तळातून घातलेले चार आयबोल्ट आणि टर्नबकल पुरतात, पण आयबोल्ट फोर्ज केलेले हवेत. तार वाकवून केलेला डोळा ताणाखाली उघडतो. साध्या वायसरवर भागत नाही. गंजक्या हौद्यात तो पत्र्यातून आरपार निघतो, म्हणून खाली पाव इंच जाडीची, तीन इंच चौरस पोलादी पट्टी घाला. भोक पाडण्याआधी खाली शिरून बघा: 1980-96 च्या अनेक फोर्डना दोन पेट्रोल टाक्या आहेत, शिवाय ब्रेकच्या नळ्या. अलास्कनसारखा जड कॅम्पर मात्र हौद्याला नाही, चासीला बांधायचा, स्प्रिंगवाल्या टर्नबकलने. खडबडीत रस्त्यावर चासी पिळते. ताठ टर्नबकल ती पिळण कॅम्परच्या ब्रॅकेटवर उतरवतो.

वायरिंगमध्ये टोयोटावाल्यांची गंमत होते. तिचे मागचे वळणाचे दिवे ब्रेकच्या दिव्यांपासून वेगळे, नारिंगी असतात. अमेरिकी कॅम्परमध्ये दोन्ही एकाच तारेवर. कॅम्परला मागचे दिवे असतील तर मध्ये कन्व्हर्टर लागतोच. कॅम्परची बॅटरी गाडीच्या बॅटरीशी आयसोलेटरमधून (गाडी बंद असताना दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा भाग) जोडा आणि दोन्ही टोकांना बॅटरीजवळच फ्यूज ठेवा.

गॅसचं सगळं रबर आणि रेग्युलेटर नवे घ्या. सांधे साबणाच्या पाण्याने तपासा. उभ्या सिलिंडरला जादा भरणं रोखणारा ओपीडी व्हॉल्व्ह नसेल तर 2002 पासून तो कुणी भरून देत नाही. झोपण्याच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

निघाल्यावर पहिल्या वीस-पंचवीस मैलांनंतर थांबून टर्नबकल तपासा, मग शंभराला पुन्हा. रबरी मॅट दबते आणि ताण उतरतो. आवळून झालं की लॉकनट फिरवा, आणि हूकवाला टर्नबकल असेल तर हूकच्या तोंडाला तार बांधा.