होऊन जाईल, ताई

निळ्या ऑर्किडच्या दांड्यावर, खालच्या गाठीच्या जरा वर, टाचणीच्या डोक्याएवढा मेणाचा ठिपका होता. तो मला पहिल्याच दिवशी दिसला. पानं पुसताना नख लागलं आणि मेण सुटलं. आत बारीक भोक, आणि भोकाच्या कडेला शाईसारखा निळा डाग. मी काय केलं? नख पुसलं आणि मेण परत जागेवर दाबून बसवलं. फसवणुकीची गोष्ट सांगायला बसलेय, तर त्यातला माझा वाटाही आधीच सांगून टाकते.

पॅल्युडेरियमचं खूळ डोक्यात कसं शिरलं ते सोडून देऊ. एकाच काचेच्या टँकमध्ये खाली पाणी, वर जमीन, मधे ओंडका, ओंडक्यावर ऑर्किड आणि ऑर्किडच्या पानावर बसलेला हिरवा-काळा बेडूक, एवढं चित्र एकदा डोळ्यांत बसलं की माणूस कामातून जातो. माझी वही अजून आहे. ९० सेंमी लांब, ४५ रुंद, ६० उंच टँक. तळाला २० सेंमी पाणी, त्यात छोटे मासे. मागच्या भिंतीवरून धबधबा. वर निळं फॅलेनॉप्सिस ऑर्किड, त्याच्या शेजारी मस्देवालिया हे दुसरं ऑर्किड, आणि डार्ट फ्रॉगच्या, म्हणजे त्या हिरव्या-काळ्या विषारी जातीच्या बेडकांच्या, दोन जोड्या. सगळं रंगीत पेन्सिलींनी काढलेलं. मी ते चित्र दोन विक्रेत्यांना पाठवलं.

पहिल्याचं उत्तर आलं ते नन्नाच्या पाढ्यासारखं. डार्ट फ्रॉग पोहणारा बेडूक नाही, तो जंगलातल्या पालापाचोळ्यावर वावरतो. २० सेंमी पाण्यात पडला आणि चढायला उतार सापडला नाही तर बुडून मरेल. मासे काढा. मस्देवालिया अँडीजमधल्या थंड, धुक्यातल्या डोंगरावरचं झाड, त्याला गार रात्री लागतात. बेडकांना २२ ते २६ अंश हवं, तेव्हा दोघांतलं एक ठेवा. निळं फॅलेनॉप्सिस ही भानगड आहे, नादी लागू नका. आधी झाडं लावा, मातीत स्प्रिंगटेल नावाचे बारीक किडे सोडा, टँक दोन महिने तसाच चालू द्या. बेडकांचं नंतर बघू, शिवाय आत्ता माझ्याकडे द्यायला बेडूक नाहीतही.

मला तो खडूस वाटला.

दुसऱ्याचं उत्तर तीन शब्दांचं होतं. ‘होऊन जाईल, ताई.’

मग मी विचारत गेले आणि तो ‘होऊन जाईल’ म्हणत गेला. मासे आणि बेडूक एकत्र? होऊन जाईल. मस्देवालिया? आपल्याकडचं उष्णतेला सरावलेलं आहे. दोन जोड्या नक्की? शंभर टक्के, नर-मादी बघूनच देतो. वय? तीन महिने. जंगलातले नाहीत ना? छे हो ताई, कैदेतच पैदास केलेले, कागद आहेत. आणि जाता जाता त्याने एक वाक्य टाकलं, ज्यावर मी सगळ्यात जास्त भाळले: ‘हात मात्र लावू नका हं, अजून विषारी आहेत. अस्सल माल आहे.’

हे वाक्य मी चार जणांना कौतुकाने ऐकवलं.

यात काय गफलत आहे ते मला फार उशिरा कळलं. डार्ट फ्रॉग आपलं विष स्वतः तयार करत नाही. जंगलात तो ज्या मुंग्या आणि बारीक माइट खातो, त्यांच्यातली अल्कलॉइडं, म्हणजे विषारी रसायनं, त्याच्या कातडीतल्या ग्रंथींत साठतात. घरी फळमाश्या आणि स्प्रिंगटेल खाऊन वाढलेल्या पिल्लात ते विष येतच नाही. ज्याच्या विषाने कोलंबियातले आदिवासी फुंकनळीच्या बाणांची टोकं माखत, तो पिवळाधमक फायलोबेट्स टेरिबिलिससुद्धा कैदेत जन्मला तर निर्विष निघतो. उलट जंगलातून पकडलेल्या बेडकात ते विष पुढे कित्येक वर्षं टिकू शकतं. म्हणजे ‘कैदेत पैदास केलेले’ आणि ‘अजून विषारी’ ही दोन्ही वाक्यं एकाच बेडकाबद्दल खरी असूच शकत नाहीत. चोराने स्वतःच्या तोंडाने कबुली दिली होती आणि मी ती जाहिरात समजून ऐकली.

पैसे आगाऊ दिले, सगळे. त्याबद्दल आता काही बोलत नाही.

खोकं आलं तेव्हा झाडं आणि बेडूक एकाच खोक्यात होते. पहिला म्हणाला होता तसे दोन महिने वगैरे काही नाही. चार गोल प्लास्टिकचे डबे, प्रत्येकात ओल्या शेवाळाचा गोळा, झाकणाला भोकं. पहिल्या डब्यातला बेडूक शेवाळात तोंड खुपसून बसलेला. बाकीचे तीन जागे होते, रंग अगदी फोटोतल्यासारखे, काळ्यावर हिरवे पट्टे. मी हरखले. मोजपट्टी लावायचं सुचलं ते पुढच्या आठवड्यात: नाकापासून बुडापर्यंत साडेतीन सेंटिमीटर. हिरवा-काळा डार्ट फ्रॉग, म्हणजे डेंड्रोबेट्स ऑराटस, पूर्ण वाढला की साधारण एवढाच असतो. तीन महिन्यांचं पिल्लू म्हणजे याच्या निम्म्यावरच. आणि खरोखर तीन महिन्यांची पिल्लं असती, तर त्यांतला नर कुठला आणि मादी कुठली हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. त्यासाठी वर्षभर तरी थांबावं लागतं. वय खरं धरलं तर जोडी खोटी, जोडी खरी धरली तर वय खोटं. प्रत्यक्षात दोन्ही खोटं होतं, पण ते पुढे.

आधी झाडांचं. मस्देवालियाने तीन आठवड्यांत पानं गाळली, त्याला माझ्या टँकमधल्या २५ अंशांत जगायचंच नव्हतं. ‘मिनिएचर जंगली जाती’ म्हणून आलेल्या दोन ऑर्किडांची मुळं टोकाला तुटलेली होती आणि त्यांना सालीचे ढलपे चिकटले होते. नर्सरीत वाढलेल्या झाडाची मुळं कुंडीचा आकार घेतात, गोल गोल फिरतात. ही मुळं सपाट होती, ओरबाडून काढल्यासारखी. पानांवर किड्यांनी खाल्लेल्या जुन्या, सुकलेल्या खुणा. कुठल्या तरी झाडाच्या खोडावरून ती उपटून आणली होती, हे आता मला आंधळेपणीही सांगता येईल. तेव्हा वाटलं, जंगली म्हणजे भारीच असणार.

त्यांची मुळं कुजली तो दोष मात्र अर्धा माझा. ऑर्किडच्या मुळावर वेलामेन नावाचं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असलं की चंदेरी दिसतं, पाणी प्यालं की हिरवं. ते अधूनमधून चंदेरी व्हायलाच हवं. माझ्या बंद टँकमध्ये काचेवरून दिवसभर पाणी ओघळत होतं आणि हवा जागची हलत नव्हती. वरच्या कोपऱ्यात छोटा पंखा बसवून, त्याला बेडकांसाठी जाळी लावून, आतली हवा आतच फिरवायची असते. मी विचारलं होतं, पंखा लागेल का? ‘बंद टँकला कशाला, ताई?’ महिन्याभराने एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर आवरण मोज्यासारखं सुटून हातात आलं आणि झाडाला नुसता दोरा लोंबत राहिला.

नर्सरीतल्या झाडांवर कीटकनाशक असतं, कुंडीत खताचे दाणे असतात, आणि बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून शोषतो. म्हणून झाड आधी मुळं मोकळी करून धुवायचं आणि काही आठवडे बेडकांपासून लांब वाढवायचं. त्याबद्दल या गृहस्थाने चकार शब्द काढला नाही. काढला असता तर झाडं आणि बेडूक एका खोक्यात विकता आले नसते.

पहिला बेडूक नवव्या दिवशी गेला. आदल्या संध्याकाळी तो दर्शनी काचेजवळ उघड्यावर बसला होता, आणि इतके दिवस लपणारा आता मला सरावला म्हणून मी खूश झाले होते. मागून पाहिलं तर कमरेची हाडं कातडीखालून वर आलेली. फळमाशी त्याच्या पायावरून चालत गेली तरी तो हलला नाही. मी विक्रेत्याला निरोप पाठवला. उत्तर: ‘तुमचं पाणी खराब असेल, ताई.’ दुसरा गेला तेव्हा: ‘खोकं उघडल्यापासून एका तासात मेलेल्याचा फोटो पाठवला तरच बदलून देतो, आधीच सांगितलं होतं.’ सांगितलं नव्हतं. तिसरा गेला तेव्हा उत्तरच आलं नाही.

दुसरा आणि तिसरा मी प्राण्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेले. तिथे एक गोष्ट कळली, ती कुणाच्या तरी उपयोगी पडेल: तपासणीसाठी मेलेला बेडूक लगेच फ्रिजच्या खालच्या भागात ठेवायचा, फ्रीझरमध्ये नाही. गोठला की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. पहिला मी कुंडीत पुरला होता. तोही उकरून नेला, दोन दिवसांचा, पण बाईंनी कुरकुर न करता घेतला. नंतरच्या दोघांच्या फुप्फुसांत जंत निघाले, आणि जिवंत राहिलेल्या चौथ्याच्या विष्ठेतही त्यांच्या अळ्या. जंगलातल्या बेडकात थोडे जंत असतातच, तिथे तो ते पेलतो. पकडापकडी, प्रवास, उपास आणि मग बंद टँक, जिथे तो स्वतःच्याच घाणीवर पुन्हा पुन्हा बसतो. मग जंत वरचढ होतात. कायट्रिडसाठी कातडीवरून बोळा फिरवून नमुना पाठवला. १९९९ साली नाव मिळालेल्या या बुरशीने जगभरात बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या आहेत. ती मात्र नाही निघाली. तेवढं नशीब.

मग मी कागद काढले. हो, कागद त्याने खरंच पाठवले होते, एका परवान्याची झेरॉक्स, आणि ती मी न वाचता फाइलला लावून टाकली होती. शिक्का होता, सही होती, जातीचं नाव बरोबर होतं. एवढं पाहून आपण समाधानी होतो, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

डार्ट फ्रॉग आणि झाडून सगळ्या ऑर्किड १९७५ पासून लागू असलेल्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. जिवंत नमुना एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचा तर परवाना लागतो, आणि त्या परवान्यावर ‘स्रोत’ असा एक बारीक रकाना असतो. त्यात एकच अक्षर. ‘सी’ म्हणजे कैदेत पैदास झालेला प्राणी, ‘ए’ म्हणजे लागवड करून वाढवलेली वनस्पती, ‘डब्ल्यू’ म्हणजे जंगलातून आणलेला. माझ्या झेरॉक्सवर ‘डब्ल्यू’ होतं. धूसर, पण ‘डब्ल्यू’च. आणि तारीख होती चौदा महिन्यांपूर्वीची. म्हणजे माझ्या तीन महिन्यांच्या पिल्लांनी जन्माच्या अकरा महिने आधीच प्रवास केला होता!

जंगलातला बेडूक परवान्यावर आणणं हा दरवेळी गुन्हाच असतो असं नाही. त्याने ते सरळ सांगितलं असतं तर मी घेतलेच नसते, म्हणून तो खोटं बोलला. शिवाय तो कागद माझ्याच बेडकांचा होता याला तरी काय पुरावा? हीच झेरॉक्स त्याने आणखी कितीजणांना दिली असेल देव जाणे. तुम्हाला कुणी ‘कागद आहेत’ म्हणालं, तर पैसे देण्याआधी मागा आणि तो रकाना, तारीख, नगांचा आकडा वाचा. खरी पैदास करणाऱ्याकडे दाखवायला कागदापेक्षा बरंच काही असतं: आईबापांचा टँक, अंड्यांच्या बशा, शेपटीवाली पिल्लं, फळमाश्यांच्या बाटल्यांची रांग. त्याला म्हणावं, आत्ता चालू व्हिडिओवर दाखवा. मी हे विचारलं असतं तर त्याला ‘होऊन जाईल’ म्हणता आलं नसतं.

त्या खडूस माणसाला मी नंतर फोन केला. तो रागावला नाही, ‘मी सांगितलं होतं’ असंही म्हणाला नाही. फक्त विचारलं, ‘चौथा खातोय का?’

चौथा खात होता. डॉक्टरबाईंनी जंतांच्या औषधाची भुकटी दिली, ती फळमाश्यांवर भुरभुरून द्यायची, आणि तो ओल्या टिश्यूच्या साध्या डब्यात, रोज टिश्यू बदलून. ना ओंडका, ना धबधबा. मोठा टँक रिकामा करून, धुऊन, पुन्हा झाडं लावून चालू आहे. आता त्यात पाणी जेमतेम बोटभर, पंखा आहे, मासे नाहीत. निळं फॅलेनॉप्सिस तेवढं जगलं. त्याला परवा नवी कळी उमलली. पांढरीशुभ्र.

आणि जोड्यांचं राहिलंच. डॉक्टरबाईंनी तिघांना उघडलं तेव्हा तिघेही नर निघाले होते, वयात आलेले. चौथा तरी मादी असेल असं मी धरून चालले होते. गेल्या गुरुवारी सकाळी डब्यातून बारीक घरघर ऐकू आली, लांब कुठेतरी फोन टेबलावर थरथरावा तशी. माद्या असा आवाज काढत नाहीत.