भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर ८ महिने: आत दिसणारा वेग आणि हाती येणारा

स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तकं टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) मजकुरात उतरवायला मी २ व्हीसीपीयूंचा, म्हणजे २ आभासी प्रोसेसरांचा, सर्व्हर घेतला, त्याला ८ महिने झाले. पहिल्याच दिवशी सीपीयूइन्फो (लिनक्सची प्रोसेसरची माहिती देणारी फाइल) पाहिलं: २.५ गिगाहर्ट्झ, बोगोमिप्स (लिनक्स दाखवतं तो वेगासारखा भासणारा आकडा) ५००० च्या आसपास. त्यावरून ४०० पानांच्या पुस्तकाला अर्धा तास लागेल असा हिशेब मांडला. तो साफ चुकला. पहाटे ५० मिनिटं लागायची आणि रात्री नऊनंतर दीड तास. आकडे मात्र दोन्ही वेळी तेच.

बोगोमिप्सवर वेग जोखणं ही माझीच चूक. पूर्वी कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू होताना एक रिकामं लूप फिरवून तो काढायचा. आता एक्स८६ वर (इंटेल, एएमडीचे नेहमीचे प्रोसेसर) बहुधा टाइमस्टँप काउंटर या प्रोसेसरमधल्या मोजणीयंत्राच्या वारंवारतेवरून थेट काढतो, म्हणून मेगाहर्ट्झच्या आकड्याच्या दुप्पट येतो. 'बोगस' हा शब्द त्याच्या नावातच आहे. शिवाय एक व्हीसीपीयू म्हणजे बहुतेकदा अख्खा कोअर नसतो, हायपरथ्रेडिंगचा (एकच कोअर दोन कामांत वाटून वापरायची पद्धत) एक थ्रेड असतो. दोन घेतले तरी काम दुप्पट होत नाही.

खरं काय चाललंय ते टॉप या प्रोसेसरचा वापर दाखवणाऱ्या कमांडमधल्या 'एसटी'ने दाखवलं. एसटी म्हणजे स्टील: आपलं काम तयार असूनही हायपरव्हायझरने (एका खऱ्या मशीनवर अनेक व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारा प्रोग्राम) प्रोसेसर दुसऱ्या कुणाला दिला तो वेळ. माझ्याकडे पहाटे जवळजवळ ०, रात्री ४० ते ४५ टक्के. पण हाही आकडा होस्टने, म्हणजे त्या खऱ्या मशीनने, आत पोचवला तरच दिसतो. चाचणीपुरत्या घेतलेल्या दुसऱ्या एका मशीनवर एसटी कायम ० होतं आणि काम तरीही रखडायचं. अशा वेळी हिरावलेला वेळ आपल्याच प्रोग्रामच्या खात्यावर पडतो आणि टेसरॅक्टच जड झाल्यासारखं वाटतं. त्या समजुतीने मी आठवडाभर सेटिंग्ज बदलत बसलो होतो, फार मनस्ताप झाला.

शेवटी क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावून दर तीन तासांनी तीच २० पानं चालवली, वेळ आणि व्हीएमस्टॅटची (एसटीसह मशीनचे आकडे देणारी कमांड) नोंद ठेवली. पंधरा दिवसांच्या नोंदी पाठवल्यावर कंपनीने मशीन दुसऱ्या होस्टवर हलवलं. प्रोसेसरचं नाव तेच, बोगोमिप्स तेच, पण रात्रीचं पुस्तक आता ५५ मिनिटांत होतं. त्या २० पानांची नोंद मी अजून चालूच ठेवली आहे; नवा सर्व्हर घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून ती ठेवावी.