नाट्यइतिहासासाठी विद्यापीठाचे ग्रंथालय: एका सोलापूरकर वाचकाचा अभिप्राय

नाटक मंडळ्यांचा इतिहास शोधणाऱ्याला विद्यापीठाचे ग्रंथालय कितपत उपयोगी पडते, हा या अभिप्रायाचा विषय आहे. मी सोलापूरचा. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात आमच्या शहरात कोणत्या मंडळ्या मुक्कामाला येत, कोणती नाटके लावत आणि त्यांना प्रेक्षक कोण मिळे, हे शोधण्यासाठी मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे बाहेरचा वाचक म्हणून सभासदत्व घेतले. विद्यापीठाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगितल्या आहेत त्या थोड्याफार फरकाने आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठीय ग्रंथालयांत आढळतील. माझे मत आधीच सांगून टाकतो: छापलेले नाटक हवे असेल तर येथे मन भरेपर्यंत मिळते, झालेला प्रयोग शोधायचा असेल तर मात्र ग्रंथालयाची सगळी व्यवस्था वाचकाच्या विरुद्ध बाजूला उभी राहते आणि तिला वळसा घालूनच काम करावे लागते.

याचा पहिला अनुभव तालिकेपाशीच, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या यादीपाशीच येतो. वाचनकक्षातल्या संगणकावर 'नाटक' हा शब्द टाकला की शेकडो नोंदी येतात आणि त्यांतल्या बहुतेक नाट्यसंहिता असतात. ग्रंथालये विषयवार पुस्तके लावण्यासाठी वापरतात त्या ड्यूई वर्गीकरणात रंगभूमी ७९२ या वर्गांकाखाली येते, मराठी नाट्यवाङ्मय ८९१.४६२ खाली, नटांची चरित्रे ९२० च्या आसपास आणि नाट्यसंगीत ७८० च्या घरात. म्हणजे गंधर्व नाटक मंडळीवर काम करणाऱ्याला एकाच मंडळीसाठी चार कपाटे गाठावी लागतात, आणि ती चारही एका मजल्यावर असतीलच असे नाही. हा वर्गीकरणाचा स्वभाव आहे. त्याबद्दल ग्रंथपालांना दोष देता येत नाही. नोंदींच्या लिपीचे दुखणे मात्र टाळता येण्यासारखे आहे. जुन्या नोंदी रोमन लिपीत चढवलेल्या आहेत आणि नव्या देवनागरीत, त्यामुळे 'किर्लोस्कर' एका लिपीत शोधले तर एक यादी मिळते आणि दुसऱ्या लिपीत शोधले तर वेगळीच. सोलापूरचे तर आणखी अवघड, कारण इंग्रजी अमदानीतल्या छापील साहित्यात शहराचे नाव 'शोलापूर' असे येते. दोन्ही लिप्या आणि दोन्ही उच्चार आलटून पालटून टाकल्याशिवाय या तालिकेवर विसंबू नये.

संदर्भ विभाग समृद्ध आहे. आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचा १९०३ मधला रंगभूमीचा इतिहास, श्री. ना. बनहट्टींचा इतिहासग्रंथ, वि. भा. देशपांडे यांनी संपादित केलेला नाट्यकोश आणि शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची, अशी साधने टेबलावर शेजारी शेजारी मांडून बसता येते, आणि घरी हा संच जमवणे कोणालाही सोपे नाही. मात्र या इतिहासाचा ओघ १८४३ मधल्या सांगलीच्या, विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून १८८० मधल्या पुण्याच्या 'शाकुंतला'कडे आणि तेथून मुंबईकडे वाहतो. सोलापूर त्यात उतरायचे ठिकाण म्हणून येते. रेल्वे होती, १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाल्यावर महिन्याचा पगार हाती पडणारा कामगार होता, आणि आसपासच्या गावांतून येणारा पेठेचा प्रेक्षक होता. मंडळ्या येथे येणारच. तरी त्या आल्या, राहिल्या आणि गेल्या यापलीकडे ग्रंथांतून फारसे हाती लागत नाही. नटांच्या आत्मचरित्रांत थोडे अधिक सापडते, कारण नटाला गाव आठवते ते तिथे जमलेल्या तिकिटांच्या गल्ल्यावरून आणि बिऱ्हाडावरून.

या ग्रंथालयातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट तालिकेत वेगळी दाखवलेलीच नाही. नाट्यसंहितांच्या कपाटात एका सामाजिक नाटकाच्या एकाच आवृत्तीच्या दोन प्रती शेजारी उभ्या होत्या. पहिली कोरी. दुसरी कोणा हौशी नाट्यसंस्थेकडून देणगी म्हणून आलेली. आतल्या पानावर संस्थेचा फिकट झालेला जांभळा शिक्का. तिच्यात पात्रांच्या यादीसमोर पेन्सिलीने नटांची आडनावे लिहिली आहेत, दुसऱ्या अंकातला जवळजवळ दीड पानांचा संवाद आडव्या रेघांनी कापला आहे, एका प्रवेशाच्या समासात 'दिवा कमी' आणि त्याखाली 'घाई नको' अशी प्रॉम्प्टरने किंवा दिग्दर्शकाने स्वतःसाठी केलेली टिपणे आहेत. एका पात्राचे आडनाव खोडून दुसरे घातले आहे, म्हणजे तालमी चालू असतानाच नट बदलला असणार. त्या गावातल्या त्या प्रयोगाचा दुसरा कोणताही पुरावा आता शिल्लक असेल असे मला वाटत नाही. संगणकावर मात्र दोन्ही प्रतींची नोंद एकच, फक्त दाखल क्रमांक निराळे. जागा अपुरी पडली की ग्रंथालये जादा आणि खराब प्रतींचे निर्लेखन करतात, म्हणजे त्या नोंदीतून कमी करून काढून टाकतात. पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली, पाठपुठ्ठा सुटलेली प्रत त्या यादीत सर्वांत आधी जाते. नियमाप्रमाणे ते बरोबरही असेल. पण नाट्यइतिहासाच्या दृष्टीने कोरी प्रत काढून टाकून दुसरी जपायला हवी. मी हे लेखी कळवले. संदर्भ विभागातील ग्रंथपाल बाईंनी ती प्रत उचलून देवघेवीतून वगळली आणि दुर्मिळ ग्रंथांच्या बंद कपाटात ठेवली. अशा आणखी किती प्रती उघड्या कपाटांत असतील, हे एकेक पुस्तक उलटून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

नियतकालिकांचा विभाग तळमजल्यावर आहे आणि तिथे वेळ काढून जावे. वृत्तपत्रांच्या बांधीव अंकांत पहिल्या किंवा शेवटच्या पानावर नाटकांच्या जाहिराती असतात, आणि त्यांत प्रयोगाचा वार, थिएटर, खुर्ची, पिट वगैरे वर्गांचे दर, स्त्रियांच्या बसण्याची वेगळी सोय आणि 'आगाऊ तिकिटे अमुक दुकानी मिळतील' अशी सूचना, एवढा ऐवज चार ओळींत मिळतो. प्रेक्षक कोण होता याचे उत्तर मला नाट्यसमीक्षेपेक्षा या दरांच्या उतरंडीतून अधिक मिळाले. अडचण बांधणीची आहे. शिवण इतकी आत घेतली आहे की आतला रकाना निम्मा बुडतो, आणि कागद इतका ठिसूळ झाला आहे की जोर लावून उघडण्याची हिंमत होत नाही. झेरॉक्सला बंदी आहे, तीही योग्यच. मोबाइलने छायाचित्र घेण्याची परवानगी अर्ज केल्यावर मिळते.

सोलापुरातून एकोणिसाव्या शतकात निघणाऱ्या 'कल्पतरू'सारख्या पत्रांचे जुने अंक येथे नाहीत. त्यांच्यासाठी एक आडवाट आहे. मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे गोषवारे इंग्रजीत दर आठवड्याला छापून घेत असे. मूळ अंक हाती लागला नाही तरी त्यातला वादग्रस्त मजकूर या गोषवाऱ्यांत टिकून राहिलेला असतो. सरकारला नाटकात रस होता तो संशयापोटी. १८७६ मध्ये प्रयोगांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारा नाट्यप्रयोग कायदा आला आणि खाडिलकरांच्या १९०७ मधल्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये बंदी आली. संहिता वाचली तर महाभारतातली कथा दिसते. कीचक म्हणजे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी कसे ओळखले आणि सरकारला ते का झोंबले, हे त्या वर्षांची वृत्तपत्रे आणि सरकारी कागद वाचल्यावरच उमगते. हे गोषवारे ग्रंथालयात छापील स्वरूपात नव्हते, पण कोठे आहेत हे शोधून देण्याचे काम संदर्भ विभागाने आपणहून केले. आंतरग्रंथालयीन देवघेवीची सोयही आहे, फक्त तिची पाटी कोठेच लावलेली नाही, विचारावे लागते.

इलेक्ट्रॉनिक साधनांबद्दल थोडक्यात. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या संकेतस्थळावर, मराठी रंगभूमीवरील बरेच प्रबंध घरबसल्या, विनामूल्य उघडतात आणि त्यासाठी ग्रंथालयात येण्याची गरज नाही. जुन्या मराठी प्रबंधांचे टंकन युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये झालेले असल्याने आतला शब्द मात्र शोधता येत नाही. अनुक्रमणिका आणि संदर्भसूची डोळ्यांनीच चाळावी लागते, आणि माझ्या मते प्रबंधातला सर्वांत उपयोगी भाग संदर्भसूची हाच असतो. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे केंब्रिज, ऑक्सफर्ड अशा प्रकाशकांची नियतकालिके सरकारी विद्यापीठांना खुली झाली आहेत. नाट्यशास्त्रातले सिद्धान्त वाचण्यास त्यांचा उपयोग होतो. सोलापूरच्या मुक्कामांचा पत्ता त्यांत मिळण्याची आशा धरू नये. बाहेरच्या सभासदाला हे सगळे ग्रंथालयाच्या आवारातील संगणकावरूनच वाचता येते.

एक उणीव मला सोलापूरकर म्हणून विशेष जाणवली. आमच्या शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू नांदते, आणि येथील नाटकाचा इतिहास एकट्या मराठीत लिहिता येणार नाही. मुळात विष्णुदास भाव्यांच्या प्रयोगांना चालना मिळाली ती कर्नाटकातून आलेल्या, पौराणिक कथांचे खेळ करणाऱ्या भागवत मंडळींमुळे, आणि पुढे मराठी मंडळ्यांनी उत्तर कर्नाटक इतके व्यापले की त्याला उत्तर म्हणून कन्नड नाटककार शांतकवींनी १८७० च्या दशकात कन्नड नाटके लिहायला घेतली. ही ये-जा ज्या पट्ट्यात झाली त्याच्या दारातच सोलापूर आहे. ग्रंथालयात कन्नड नाटकावरचा मजकूर इंग्रजीतून थोडा मिळतो. मूळ कन्नड पुस्तके मोजकीच आहेत, आणि तीही भाषाविभागाच्या कपाटात असल्याने रंगभूमीच्या शोधात समोर येत नाहीत.

सेवेबद्दल बोलायचे तर देवघेव विभाग तत्पर आहे, वाचनकक्ष शांत आणि हवेशीर आहे, आणि अनामत रक्कम परवडण्यासारखी आहे. पदव्युत्तर परीक्षा जवळ आल्या की बसायला जागा मिळत नाही. बाहेरच्या वाचकाला पुस्तके घरी नेता येत नाहीत, तेव्हा दिवसभराच्या तयारीनेच जावे. सोलापूर शहरापुरती माहिती हवी असेल तर आधी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या गावातल्या जुन्या वाचनालयात बसावे आणि तेथे न मिळालेल्या गोष्टींची यादी घेऊन विद्यापीठाकडे वळावे. उलट क्रमाने गेल्यास पहिले कितीतरी दिवस तालिकेतच जातात.

नाट्यसंहितांसाठी आणि संदर्भसाधनांसाठी मी या ग्रंथालयाला पाचपैकी साडेचार गुण देईन, प्रयोगांच्या इतिहासासाठी अडीच. संदर्भ विभागातल्या माणसांना पूर्ण पाच. येणाऱ्यांनी एखाद्या महाविद्यालयाचे शिफारसपत्र, ओळखपत्र आणि शोधायच्या नावांची दोन्ही लिप्यांतली यादी सोबत आणावी, आणि उन्हाळ्यात निघण्यापूर्वी दूरध्वनी करावा, कारण वार्षिक साठा पडताळणीच्या काळात नियतकालिकांचा तळमजला वाचकांसाठी बंद असतो.