जड मशीनसाठी चाकांचे स्टँड घेताय? आधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या फर्निचर आणि फॅब्रिकेशनवाल्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय. "मशीनला चाकांचं स्टँड बसवून देतो, एक माणूस कुठंही ढकलेल" असं सांगत एक जण शेडोशेडी फिरतोय. माझे पैसे त्याच्याकडे अडकलेत ते वेगळंच. त्याच्या मालापायी आमच्या मिस्त्रींचा पाय थोडक्यात वाचला, म्हणून गप्प बसवत नाही.

माझं शेड खानापूर तालुक्यात आहे. रंधा मशीन, बँडसॉ, पिलर ड्रिल, सगळं एकाच पत्र्याखाली. इकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जून लागला की पश्चिमेकडून झड आत येते आणि त्या बाजूची मशीन आत घ्यावी लागतात. दहा फुटी फळी रंध्यावर घालायची तर पुढेमागे तेवढी जागा मोकळी लागते, ती वेगळीच. पहार घालून, खाली पाइप सरकवत, चौघांनी दम लावायचा, हे लहान शेडवाल्यांच्या नशिबी ठरलेलंच. आपली ही नड त्या माणसाला बरोबर माहीत होती.

कारखाना उद्यमबागेत असल्याचं त्यानं सांगितलं. उद्यमबाग म्हटलं की आपल्याकडे विश्वास बसतोच. फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिकचे भाग, काय बनत नाही तिथं? त्या नावाची पुण्याई तो वापरत होता. सोबत आणलेलं नमुन्याचं स्टँड खरोखर चांगलं होतं. बिडाचा गाभा, त्यावर पीयूची (पॉलियुरेथेन, म्हणजे रबरासारख्या चिवट प्लास्टिकची) जाड धाव, ब्रेक दाबला की जागचं हलायचं नाही. "अण्णा, एकेक चाक 300 किलोचं. चार चाकं म्हणजे 1200 किलो आरामात उचलतंय की!" म्हणाला. निम्मे पैसे आगाऊ, बाकीचे ट्रान्सपोर्टमधून माल सोडवताना.

माल गोणपाटात शिवून आला. पैसे भरल्याशिवाय पॅकिंग खोलायचं नाही, अशी अट ट्रान्सपोर्टवाल्याला आधीच घालून ठेवलेली. शेडवर आणून उसवलं तर रंग तोच, शिक्का तोच, 300 किलोचा. मिस्त्रींनी एक चाक हातात घेऊन तोललं आणि म्हणाले, "मालक, ह्ये चाक न्हवं, नुसतं डबडं हाय." लोहचुंबक लावला, चिकटला नाही. बिडाऐवजी प्लास्टिकचा गाभा आणि वर केशरी रंगाची पातळ साल. चाक धरणारा काटा पातळ पत्र्याचा, दाबून वाकवलेला. फिरणाऱ्या भागात छर्‍यांची एकच ओळ. हातानं हलवलं तरी खडखड वाजत होतं.

त्याला लगेच फोन केला. "नवीन मॉडेल आहे, ताकद तीच, टेस्ट सर्टिफिकेट पाठवतो," म्हणाला. सर्टिफिकेट आलंही. रबरी शिक्का आणि सही होती; चाकाचा नग किंवा बॅच ओळखता येईल असं एक अक्षरही नव्हतं. रंधा मशीन त्या स्टँडवर चढवून सरकवताना कोब्याच्या उखडलेल्या जागी एका चाकाचा काटा फाकला आणि मशीन कलली. मिस्त्रींनी पाय मागे घेतला म्हणून बरं. त्यानंतर त्याचा फोन कायमचा बंद. दिलेल्या पत्त्यावर दुसराच कारखाना. तिथले लोक म्हणाले, अशी चौकशी करत आधीही कुणी कुणी येऊन गेलंय.

त्याचा 1200 किलोचा हिशेब मुळातच खोटा आहे. जमीन कुठंच एकसारखी सपाट नसते, त्यामुळे सरकवताना एखादं चाक हमखास अधांतरी राहतं आणि सगळं वजन तिघांवर येतं. म्हणून मशीन अधिक स्टँडचं वजन भागिले 3, असाच हिशेब धरायचा. मशीन 400 किलो, स्टँड 50 किलो, म्हणजे एका चाकावर 150 किलो. त्याच्या वरचं, खरोखर तेवढं पेलणारं चाक घ्या. चाक मोठं असेल तर बारीक खडा, लाकडाची ढलपी सहज ओलांडतं. नायलॉनचं चाक हलकं ढकललं जातं, पण कडक असल्यानं खड्यावर अडतं. रबरी चाकावर मशीन महिनोन्महिने उभी राहिली तर ते एका बाजूनं चपटं होतं.

ब्रेक तपासायची युक्ती साधी आहे. पॅडल दाबा आणि मग काटा आडवा फिरवून बघा. काटा फिरला तर ब्रेक फक्त चाकाला आहे, मशीन डुलत राहणार. मला आलेल्या मालात तोच प्रकार होता, नमुन्यात नव्हता.

आणि खरं सांगायचं तर, रंध्यासारखी थरथरणारी मशीन काम करताना चाकांवर उभीच राहू नये. आता आमच्या गावातल्याच वेल्डरकडून चॅनेलची फ्रेम करून घेतलीय. एका टोकाला फक्त सरळ जाणारी दोन चाकं, दुसऱ्या टोकाला हवी तशी वळणारी, आणि चारही कोपऱ्यांत जाड जॅक बोल्ट, खाली रबरी पॅड. काम सुरू करायच्या आधी बोल्ट पिळले की चाकं जमिनीवरून सुटतात आणि सगळा भार बोल्टवर येतो. कोबा उतरता असला तरी त्याच बोल्टनं लेव्हल साधते. पिलर ड्रिलचं डोकं जड, म्हणून तिची फ्रेम रुंद केली आणि चाकं मशीनच्या खाली न घेता बाहेरच्या बाजूला लावली. उंची वाढत नाही आणि मशीन उलटायची भीती कमी होते. सरकवताना टेबल खाली उतरवायचं आणि ढकलायचं बुडाशी, वर डोक्याला हात लावायचा नाही.

बिलाचंही ऐका. बिलावर 15 अक्षरी जीएसटी नंबर होता, सुरुवात 29 नं, म्हणजे कर्नाटकचा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला तर नंबर खरा निघाला, पण कापडाच्या धंद्यातल्या भलत्याच माणसाचा. नंबर आहे एवढ्यावर थांबू नका, पोर्टलवर नाव जुळतं का ते बघा. विकणारा कोल्हापूरकडचा असेल तर नंबर 27 नं सुरू होतो आणि बिलावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर, लागतो. यूपीआय करताना स्क्रीनवर कारखान्याच्या ऐवजी कुणा व्यक्तीचं नाव आलं तर पैसे सोडू नका.

फसलात तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे गोठवायची शक्यता जास्त. ग्राहक हेल्पलाइन 1915. "धंद्यासाठी घेतलं, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकून परत येऊ नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे. विकणारा महाराष्ट्रात बसलेला असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत 2 वर्षांची.

माझी पोलीस तक्रार शेजारच्या कन्नड मित्रानं बसून नीट लिहून दिली आणि ती दाखल झालीय. तुमच्याकडे असाच केशरी चाकांचा माल आला असेल तर रागानं भंगारात घालू नका. शिक्क्याचा, फाकलेल्या काट्याचा आणि गोणपाटावरच्या ट्रान्सपोर्ट पावतीचा फोटो काढा, चाकं बाजूला ठेवा आणि आपल्या हद्दीतल्या ठाण्यात स्वतःची वेगळी तक्रार द्या.