टेलिस्कोपिक रॉडवर ब्रेडेड दोरी: आठ महिने, तीन दोऱ्या आणि एक मोडलेला शेंडा

माझ्या सात फुटी टेलिस्कोपिक, म्हणजे नळीत नळी सरकवून मिटवता येणाऱ्या, मासेमारीच्या रॉडचा शेंडा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीवर मोडला, तेव्हा गळाला मासा लागलेला नव्हता आणि गरीही खडकात अडकलेली नव्हती. मी केवळ २५ ग्रॅमचे शिसे फेकण्यासाठी रॉड मागे नेऊन पुढे आणला होता. दोरी जिच्यातून जाते त्या शेंड्याच्या कडीभोवती ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या, दोरीचे दोन वेढे पडले होते, ते संधिप्रकाशात मला दिसले नाहीत. फेकीबरोबर वेढे आवळले गेले आणि सर्वांत बारीक नळी कडीखाली चार बोटांवर तुटली.

ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून रॉड घेतला होता, त्याने तीन आठवडे माझ्याकडून छायाचित्रे, चित्रफीत आणि पावती मागवून घेतली आणि शेवटी ‘ब्रेडेड दोरी वापरल्यामुळे हमी लागू होत नाही’ असे एका ओळीत कळवले. हमीपत्रात दोरीच्या प्रकाराविषयी एक शब्दही नाही, आणि विक्रीच्या पानावरील छायाचित्रात त्याच रॉडवर हिरवी ब्रेडेड दोरी भरलेली दिसते. याची मला आजही चीड येते. मात्र त्या उत्तरामुळेच मी पुढचे पाच महिने दोरी, कड्या आणि रॉड मिटवण्याची पद्धत यांकडे फार बारकाईने पाहिले, आणि माझे मत दोनदा बदलले.

मला टेलिस्कोपिक रॉडच हवा होता, कारण तो मिटवल्यावर स्कूटरच्या डिकीत बसतो आणि कचेरी सुटल्यावर घरी न जाता थेट भाट्याला किंवा मिऱ्याला गरवायला जाता येते. त्यावर २५०० मापाचे साधे स्पिनिंग रील आहे. आधी त्यावर ०.४० मिमीचे तंगूस होते. ऑक्टोबरमध्ये ते उतरवून मी आठ पदरी, पीई या जाडीच्या मापात १ क्रमांकाची, म्हणजे सुमारे ०.१६५ मिमी जाडीची ब्रेडेड दोरी भरली. दीडशे मीटरला १,१५० रुपये मोजताना हात आखडला होता, परंतु पहिल्याच संध्याकाळी ते पैसे सार्थकी लागले असे वाटले.

तंगूस म्हणजे नायलॉन. ते ताणले जाते आणि पाणी शोषून काहीसे मऊ पडते, त्यामुळे चाळीस मीटरवर पालू माशाने आमिषाची कोळंबी चाचपली तरी हाताला फक्त एक अस्पष्ट थरथर कळते. ब्रेडेड दोरी अतिशय लांब रेणूंच्या पॉलिथिलीनच्या धाग्यांची विणलेली असते. ती जवळपास ताणली जात नाही, पाणी शोषत नाही आणि पाण्याहून किंचित हलकी असल्यामुळे तरंगते. शेंगटी आमिष ओढते आहे, पालू ते टोचतो आहे की नुसता ओहोटीचा प्रवाह शिशाला ढकलतो आहे, हा फरक मला त्या दोरीवर पहिल्यांदा हाताला कळला. बारीक दोरीला वारा कमी अडवतो, म्हणून शिसेही पूर्वीपेक्षा पंधरा-वीस पावले पुढे जाऊ लागले. या आनंदात दोन महिने गेले आणि शेंडा मोडला.

आता मुख्य दोषाविषयी लिहितो. दोरीच्या वर्णनात जाडी, पदर, ताकद आणि रंग हे सगळे असते; ती किती लुळी आहे हे कोणी लिहीत नाही, आणि मिटणाऱ्या रॉडच्या बाबतीत दोरीची हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अखंड किंवा दोन तुकड्यांच्या रॉडवर कड्या कुठे बसवायच्या हे रॉडच्या वाकण्यावरून ठरवता येते आणि शेंड्याकडे त्या जवळजवळ येतात. टेलिस्कोपिक रॉडवर मात्र बहुतेक कड्या नळ्यांच्या टोकांशीच बसवाव्या लागतात, त्यामुळे कड्या थोड्या आणि अंतरे मोठी होतात. त्या अंतरांत लुळी दोरी लोंबते, आणि वारा बाजूने असला की ती शेंड्याच्या कडीला मिठी मारते. त्यातच, घरी निघताना दोरी कड्यांतून न काढता रॉड मिटवण्याची आपल्या सर्वांची सवय असते. रॉड सात फुटांवरून दीड फुटावर आला की साडेपाच फूट दोरी मोकळी होते, आणि डिकीतल्या हिसक्यांनी ती कड्यांभोवती गुंडाळली जाते. दुसऱ्या दिवशी रॉड उघडताना वेढे तिथेच असतात. तंगुसाला स्वतःचा ताठपणा असल्यामुळे ते कडीपासून दूर उभे राहते. आठ पदरी बारीक दोरी ओल्या केसासारखी चिकटते.

जानेवारीत मी चिडून पुन्हा तंगूस भरले. मिरकरवाड्यातल्या दुकानदाराने तुटलेल्या टोकावर नवी कडी चिकटवून दिली, त्याचे शंभर रुपये झाले. रॉड चार बोटे आखूड झाला तरी चालू लागला. त्या महिन्यात शेंड्यावर एकही वेढा पडला नाही, आणि ‘मिटणाऱ्या रॉडवर ब्रेडेड दोरी घालू नये’ असे मी दोघा-तिघांना ठामपणे सांगितलेही. ते सांगणे चुकीचे होते. महिन्याभरात माझ्या हाताला चावे कळेनासे झाले, आमिष रिकामे होऊन येऊ लागले, आणि कोळंबीवरचा खर्च वाढला.

त्याच सुमारास भाट्याच्या पुलाजवळ नेहमी येणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी माझा रॉड हातात घेतला आणि प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवला. दुसऱ्या कडीत कापसाचे तंतू अडकले. ते म्हणाले, “अहो, ही कडी चिरलेली आहे. दोरी रोज इथे किसली जाते आहे, तिला दोष देऊ नका.” मी भिंगाखाली पाहिले, तर आतल्या चिनी मातीच्या वलयाला केसाएवढी चीर होती. घरी जुन्या आठ पदरी दोरीचे पहिले तीस मीटर तपासले, तेव्हा त्यावर लव आलेली आढळली. लव आलेली दोरी कडीला अधिकच चिकटते. म्हणजे विक्रेता म्हणत होता त्याच्या नेमके उलट घडले होते: दोरीने रॉड बिघडवला नव्हता, रॉडच्या कडीने दोरी बिघडवली होती. मी हे छायाचित्रांसह पुन्हा कळवले; उत्तर आले नाही.

कडी बदलून फेब्रुवारीत चार पदरी, पीई २ क्रमांकाची, सुमारे ०.२३५ मिमीची दोरी भरली. दीडशे मीटरला ४८० रुपये पडले. चार पदरी दोरीत प्रत्येक पदर जाड असतो, वीण खडबडीत असते, आणि फेकताना कड्यांतून ‘सुर्र’ असा आवाज येतो. आठ पदरीपेक्षा फेक सात-आठ पावलांनी कमी झाली. परंतु ही दोरी हातात धरली तर थोडी ताठ उभी राहते, आणि माझ्या दृष्टीने तेच निर्णायक ठरले. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत आठवड्यातून तीन संध्याकाळी गरवूनही शेंड्यावर मला फक्त चार वेळा वेढे सापडले, आणि चारही वेळा फेकण्यापूर्वी. निम्म्याहून कमी किमतीची दोरी या रॉडवर अधिक चांगली ठरली, याचा मला मनापासून आनंद झाला.

अर्थात दोरी बदलून सर्व काही सुटले असे नाही, सवयही बदलावी लागली. आता रॉड उघडताना शेंड्याची नळी आधी ओढतो, कड्या एका रेषेत आणतो आणि मग खालच्या नळ्या बसवतो. मिटवताना सर्वांत जाड नळीपासून सुरुवात करतो. गरी रीलजवळच्या पहिल्या कडीत अडकवून, एकेक नळी आत जाताना रीलची मूठ फिरवून दोरी ताणून घेतो आणि शेवटी कापडी पट्टीने सगळे बांधतो. फेकल्यावर रीलची तार, म्हणजे दोरी पकडणारी कमान, मूठ फिरवून न पाडता हाताने पाडतो आणि दोरी एकदा ओढून घेतो, त्यामुळे स्पूलवर, म्हणजे रीलच्या दोरी गुंडाळायच्या चक्रीवर, सैल फास राहत नाही. प्रत्येक फेकीआधी शेंड्यावरून बोट फिरवतो. मिठाचा थर नळ्यांच्या सांध्यांत धरू नये म्हणून रॉड गोड्या पाण्याने धुतो, तेव्हा दोरीचाही वरचा भाग धुऊन निघतो.

स्पूलवर ब्रेडेड दोरी थेट बांधू नये. ती गुळगुळीत असल्यामुळे ताण आला की सगळी गुंडाळीच स्पूलवर गरगर फिरते. खाली दहा मीटर तंगूस भरून त्यावर ही दोरी जोडली की प्रश्न मिटतो.

आपल्या किनाऱ्यावर एक गोष्ट मात्र टाळून चालणार नाही. भाट्याच्या पुलाचे खांब आणि मिऱ्याचे खडक कालवांनी भरलेले आहेत, आणि ताणलेली ब्रेडेड दोरी कालवाच्या धारेला टेकली की क्षणात तुटते. तिथे तिची सगळी ताकद व्यर्थ आहे. मार्चमध्ये हाताशी आलेली एक मोठी तांबोशी मी अशीच गमावली. तेव्हापासून पुढे दीड मीटर ०.४० मिमीचे तंगूस जोडतो. जोडगाठ एफजी पद्धतीची बांधतो, कारण ती चपटी राहून शेंड्याच्या लहान कडीतून जाते. दोन फासांची फुगीर गाठ तिथे अडकते आणि हिसका पुन्हा त्याच बारीक नळीवर बसतो. पुढचे तंगूस मुख्य दोरीपेक्षा कमी ताकदीचे असल्यामुळे गरी खडकात अडकली तर तेच तुटते. अशा वेळी रॉड वाकवून ओढू नये. रॉड दोरीच्या सरळ रेषेत धरावा आणि दोरी जाड कापडात किंवा काठीला गुंडाळून ओढावी, कारण उघड्या बोटाला ती ब्लेडसारखी कापते. तुटलेले तुकडे मी पिशवीत घालून घरी आणतो. ही दोरी कुजत नाही, आणि धक्क्यावर पायात असा गुंता घेऊन लंगडणारा बगळा मी पाहिला आहे.

चार पदरी दोरीचा हिरवा रंग पहिल्या तीस मीटरवर पांढरट झाला आहे, कारण या धाग्यात रंग मुरत नाही. ताकदीत मला फरक जाणवलेला नाही. कापून-तुटून आता सुमारे १२० मीटर शिल्लक आहे. पाऊस लागण्यापूर्वी ती उतरवून, धुऊन, उलटी भरून ठेवली आहे. वापरलेले टोक तळाला गेले आणि कोरे वर आले, त्यामुळे नारळी पौर्णिमेनंतर नवी दोरी विकत घ्यावी लागणार नाही.