काळ्या चिकण जमिनीसाठी गांडूळ खत: चाळलेले घ्यावे की न चाळलेले?

सोलापूर भागातील काळ्या जमिनीत परसबाग करणाऱ्यांना उन्हाळ्यातील भेगा आणि पावसाळ्यातील चिखल दोन्ही चांगलेच परिचित असतात. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीतील चिकणकण पाणी शोषून फुगतात, सुकताना आकसतात आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. अशा वाफ्यांसाठी मी शहराबाहेरील एका शेतकऱ्याच्या शेडवरून गांडूळ खत घेतो.

तेथील चाळलेले खत चहाच्या भुकटीसारखे रवाळ असते. मुठीत दाबल्यास गोळा होतो, बोट लावताच फुटतो, पाणी ओघळत नाही आणि शेणाचा वासही येत नाही. ही पारख महत्त्वाची आहे, कारण खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळ खतात 15 ते 25 टक्केच ओलावा अपेक्षित आहे आणि वजनावर विकले जाणारे ओलेचिंब खत घेणे म्हणजे पाण्याचे पैसे मोजणे होय.

न चाळलेल्या खतात तुरीच्या काड्यांचे तुकडे, अर्धवट कुजलेली पाने आणि गांडुळांचे कोष दिसतात. ते स्वस्त असते म्हणून दुय्यम समजले जाते. माझ्या मते मात्र कडक जमिनीसाठी तेच अधिक उपयोगी आहे, कारण काड्या ढेकळांमध्ये पोकळी राखतात आणि त्या कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या चिकट स्रावांमुळे चिकणकण एकत्र येऊन मातीची रवाळ घडण तयार होते. चाळलेले खत कुंड्यांसाठी ठेवावे.

जमीन वाफशावर, म्हणजे फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशी, असतानाच वीतभर खोदून दोन-तीन इंचांचा थर मिसळावा आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे; ओल्या मातीत कुदळ चालवली तर उलट ढेकळेच वाढतात. भुसभुशीतपणासाठी थोडी वाळू टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण चिकण मातीत ती बसली की वाफा अधिकच घट्ट होतो. माती परीक्षणात जमीन चोपण (सोडियमचे प्रमाण जास्त असलेली) निघाल्यास केवळ खताने भागत नाही, जिप्सम आणि पाण्याचा निचरा दोन्ही लागतात. शेडचे मालक हे विक्रीपूर्वी स्पष्ट सांगतात, याचे मला विशेष कौतुक वाटते.

पोत्यावर खतातील घटकांच्या पृथक्करणाचा तपशील छापलेला नसतो, ही उणीव त्यांनी दूर करायला हवी. पावसाळ्याच्या तोंडावर न चाळलेले खत लवकर संपते, त्यामुळे मे महिन्यातच मागणी नोंदवावी.